गालातली सुई

आमच्या घरात सकाळ व्हायची ती तंबाखू भाजल्याच्या वासानं. चुलीवर आधी चहाचं आधण नाही, भाकरीचा तवा नाही. आधी चढायचा तो कड तुटलेला एक जुना लोखंडी तवा, आणि त्यावर तंबाखूची पानं. ती काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची, की झाली मिसरी. माझी आई आणि माझी थोरली चुलती, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, दोघी परसातल्या दगडावर शेजारी शेजारी बसून ती मिसरी बोटानं दातांना आणि हिरड्यांना घाशीत राहायच्या. घासून झाली की एक चिमूट डाव्या गालात. मग दोघींना बोलता यायचं नाही, कारण तोंड उघडलं की काळी लाळ गळायची. पण घराची कामं तर त्याच वेळी वाटायची असत. म्हणून त्यांनी हाताची एक भाषा केली होती. बोटं चुटकीसारखी हलवली म्हणजे मिसरीची डबी इकडं दे. मनगट झटकलं म्हणजे म्हैस आज लाथ मारतेय, जपून. आणि तळवा छातीवर दोनदा आपटला म्हणजे ते माझ्याकडं, ते काम माझं. आमच्या घरात हा छातीवरचा तळवा मी इतक्या वेळा पाहिलाय की आजही कुणी सहज छातीला हात लावला तरी मला वाटतं, ह्यानं कुठलं तरी काम अंगावर घेतलं.

माझा भाचा डॉक्टर आहे. सांगलीला विश्रामबागेत माझ्याकडे येतो, चहा पितो आणि मला म्हणतो, मावशी, तुम्ही हे सगळं लिहून काढा, फक्त त्या वासाचं एवढं कौतुक करू नका. मी कौतुक करत नाही. त्या वासानं माझ्या आईचा अर्धा गाल खाल्ला, मी कशाला कौतुक करू? पण खरं सांगायचं तर तो वास कुठून आला तर अजून मला भूक लागते, घर आठवतं, त्याला मी काय करू?

गाव रहिमतपुराच्या पलीकडं, बैलगाडीच्या वाटेवर. वडील पलटणीत, त्या वेळी लढाईवर. कुठल्या मुलखात ते आम्हाला धड ठाऊक नव्हतं. चुलते वारलेले. घरचा कारभार, उसाचं पाणी, गुऱ्हाळाची पाळी, गड्यांच्या भाकरी, सगळं आक्का बघायची. ती उंच, हाडापेरानं थोराड, बोलायला फटकळ. आई तिच्या खांद्याला लागायची आणि हसायची फार. जेवताना दोघी एका ताटात जेवायच्या आणि मधे खर्डा असायचा, हिरव्या मिरचीचा, तव्यातच पाट्याच्या वरवंट्यानं रगडलेला. आईला खर्डा असा लागायचा की डोळ्यांतनं पाणी यायचं तरी बोट परत तिकडंच. म्हणून एका दुपारी तिनं खर्डा ताटाच्या कडेला सारला, ते माझ्या आधी आक्काच्या ध्यानात आलं.

"का गं हौसे? नगं का?"

"त्वांड आलंय वाटतं आक्का. जळजळतंय लय."

तोंड येतं ते चार दिवसांनी जातं. हे गेलं नाही. आक्कानं तिला जाईचा पाला चावायला दिला, तुरटीच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या, तूप लावलं, दृष्ट काढली, औंधाला यमाईपुढं नारळ ठेवून आली. आई मिसरी मात्र सोडेना, उलट म्हणायची, तेवढ्यानंच जरा बधिर होतंय, बरं वाटतंय. हळूहळू ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मग तिचं हसू बदललं. आधी हसायची तेव्हा मागच्या दाढा दिसायच्या; आता ओठच तेवढे फाकायचे, जबडा उघडायचाच नाही. मला ते फार लागलं. पंधरा वर्षांची होते, सातवीची परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि आई माझ्याशी आखडून वागतेय असंच मला वाटत होतं.

एक दिवस आक्कानं आईला उन्हात पायरीवर बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि आपलं बोट तिच्या गालात आतून फिरवलं. पांढरट चट्टा तर आम्हाला ठाऊकच होता. बोट चट्ट्यापाशी आलं आणि तिथंच थांबलं. मग आक्कानं बोट बाहेर काढलं, पदराला पुसलं, आणि बराच वेळ गोठ्याकडं बघत उभी राहिली.

"ह्यो फोड न्हवं," ती म्हणाली. "फोड हाताला मऊ लागतो आन दुखतो. ह्यो घट्ट हाय, हरभऱ्यावानी, आन दाबलं तर हिला कळत बी न्हाई." मग ती माझ्याकडं वळली. "इंदे, कापडं बांध. उद्या गाडी धरायची."

सांगलीच्या बाजूला तेव्हा एक मोठा दवाखाना होता. नाव लिहीत नाही, माझ्या वयाच्या माणसांना कळेल. रहिमतपूर स्टेशनावर आगगाडीत बसलो तेव्हा आई खिडकीशी, मी मधे आणि आक्का दाराकडं तोंड करून, कुणी आत चढून आम्हाला अडवेल की काय अशी. तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं. आईला त्यातलं काहीच खाता येत नव्हतं आणि म्हणून आम्हीही ते सोडलं नाही.

डॉक्टर आमच्याच भागातले होते, पन्नाशीचे, कोरड्या बोलण्याचे. त्यांनी आईचं तोंड पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "मिसरी कुठल्या गालात धरता?" आईनं डाव्या गालाला हात लावला. त्यांनी नुसती मान हलवली, जणू उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. मग ते तिच्या जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपत राहिले, सावकाश, डोळे मिटून. मला कळेना, दुखणं गालात आणि हे मानेत काय शोधतायत? पुढं कळलं. ही गाठ वाढते तेव्हा एका जागी बसत नाही, तिच्यातले कण सुटतात आणि सगळ्यात आधी मानेतल्या गाठींत जाऊन बिऱ्हाड करतात. तिथं काही लागलं नाही.

गालातला बारीक तुकडा कापून बाटलीत घालून मुंबईला पाठवला. त्याचाच एक काप त्यांनी दवाखान्यातही करून घेतला होता. उत्तर येईपर्यंत आम्ही आवारातल्या धर्मशाळेत राहिलो, तीन दगडांच्या चुलीवर पेज शिजवायची, आईला भरवायची, आणि टपाल आलं का म्हणून आक्कानं मला दर सकाळी आत पिटाळायचं. असं रोज रोज येऊन मी डॉक्टरांचं डोकं उठवलं असणार. एकदा ते म्हणाले, "वाचता येतं ना तुला? ये, बघ." आणि मला दुर्बिणीसारख्या त्या यंत्राला डोळा लावायला सांगितलं. आत गुलाबी आणि जांभळं असं काही होतं. एका कडेला ठिपके कसे रांगेनं बसले होते, पंगतीला बसल्यासारखे, सारखं अंतर ठेवून. आणि दुसरीकडं तेच ठिपके मोठे, वेडेवाकडे, एकमेकांच्या अंगावर, आणि खालच्या थरात बोटं घुसवावीत तसे घुसत चाललेले.

"ह्यातला रोग कुठला?" मी विचारलं.

"रोग बाहेरून आलेला नाही. ती तिचीच पेशी आहे. जखम झाली की आपलं मांस वाढतं आणि भरलं की थांबतं. रोजच्या रोज त्याच जागी तीच जळजळ होत राहिली, की कधीतरी एखादी पेशी थांबायचं विसरते. मग तिची लेकरंही विसरतात."

"मग त्यांना आठवण कशी करून द्यायची?"

ते पहिल्यांदा हसले. "नाही देता येत. मारावीच लागतात."

मुंबईहून उत्तर आलं ते त्यांनी पाहिलं होतं तेच होतं. त्यांनी आक्काला समजावून सांगितलं. गाल कापून काढला तर तोंडाला आरपार भोक पडेल. त्यापेक्षा रेडियमच्या सुया गाठीत खुपसून आठवडाभर ठेवायच्या. सुईतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात, वेड्या पेशी त्यांनी मरतात, शहाण्या बऱ्याचशा सावरतात. पण सुया जिथं लावल्या तिथंच राहिल्या पाहिजेत. एक जरी सरकली तर तेवढी गाठ जिवंत राहणार आणि परत वाढणार, आणि दुसऱ्या वेळी हा उपाय तितका लागू पडत नाही. मग त्यांनी बोट उगारलं. "आणि एक. मिसरीची डबी इथं दिसली, तर त्याच दिवशी नाव कापून घरी पाठवीन. हयगय करणार नाही." आक्कानं कमरेची डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. आईनंही ठेवली. दोघींचे चेहरे दागिने उतरवून दिल्यासारखे झाले होते.

सुया लावल्यावर आईला पाहिलं तेव्हा मला भडभडून आलं. गाल सुजून फुगलेला, ओठाच्या कोपऱ्यातून रेशमी दोरे बाहेर काढलेले, प्रत्येक सुईचा एक दोरा, आणि ते गालावर चिकटपट्टीनं बसवलेले. बोलायचं नाही. चोचीच्या कपानं दूध तेवढं. आम्ही उंबऱ्याशी उभं राहायचं, जवळ फार वेळ थांबायचं नाही, कारण तिच्या अंगातून निघणारे किरण आम्हालाही लागणार. पाळी बदलली की नवी सिस्टर येऊन दोरे मोजायची. दूध पाजायला मात्र आक्काच लागे, दुसऱ्या कुणाच्या हातून आई घोट गिळायची नाही, म्हणून तिला थोडा वेळ आत सोडत. आणि दोघींची ती जुनी भाषा तिथं परत सुरू झाली. आई खाटेवर, आक्का उंबऱ्यात, आणि मधे नुसते हात. उशी वर घे. माशी हाकल. इंदी जेवली का? बाकीच्या खाटांवरच्या बायका टकमक बघायच्या. मला वाटायचं, एवढी वर्षं मिसरीनं ह्यांची तोंडं बंद केली, त्याचा आज काहीतरी उपयोग झाला.

मग एका सकाळी आईनं उंबऱ्यातल्या आक्काकडं बघून चुटकीसारखी बोटं हलवली.

आक्कानं मान हलवली, नाही. आईनं परत बोटं हलवली आणि पोटावर हात फिरवून तोंड वाकडं केलं. मिसरीविना पोट साफ होत नाही हे आमच्या घरातल्या दोघींना सूर्य उगवण्याइतकं खरं होतं, आणि आईचं पोट चार दिवस फुगलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या आधी उठून दूध घेऊन गेली, आणि परत आली ती व्हरांड्यात माझ्याशेजारी बसली. तिच्या अंगाला भाजल्या तंबाखूचा वास येत होता. मी तिचे दात पाहिले. ते स्वच्छ होते.

"कुणाकडनं आणलीस?" मी विचारलं.

"गप. लावली न्हाई, नुसती उजव्या अंगाला दाताला टेकवली आन पुसून काढली. लेकरावानी रडत व्हती ती."

आत पाळी बदलली. नवी सिस्टर दोरे मोजायला वाकली, थांबली, परत वाकली. मग ती पळतच डॉक्टरांच्या खोलीकडं गेली. एक सुई कमी होती.

त्यानंतर जे झालं त्याचा आवाज माझ्या कानांत आहे. झाडूवालीच्या हातातली बादली खाली ठेवल्याचा आवाज. मोरीचं तोंड बंद करायला टाकलेल्या दगडाचा आवाज. बंबात नवं लाकूड घालू नका, राख काढू नका, धुण्याचं गाठोडं बाहेर नेऊ नका, कुणीही फाटकाबाहेर जाऊ नका. डॉक्टर व्हरांड्यात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, पण ओरडले नाहीत, आणि त्यानंच जास्त भीती वाटली. "सुई तीळभर जाडीची, बोटाच्या पेरापेक्षा लहान आहे. तिला दोरा आहे. कुणाच्या कपड्याला लागली असेल, चिंधीत गेली असेल, तर आत्ता सांगा. ती ज्याच्या अंगाशी राहील त्याला आतून भाजेल. आत्ता कळणार नाही, नंतर कळेल. आणि सुई जेवढा वेळ बाहेर, तेवढा वेळ गाठीला जीवदान."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. पुसून काढली, असं आक्का म्हणाली होती. कशानं पुसली?

"आक्का, फडकं कुठाय?"

तिचा हात कमरेकडं गेला, लुगडं खोचलेल्या जागी. काळं झालेलं फडकं बाहेर कुठं टाकणार, कुणी बघेल, म्हणून तिनं ते घडी करून तिथं कोंबलं होतं.

"त्यात आसंल सुई. दी त्यांना."

"कशी आसंल? मी दोऱ्याला हातबी लावला न्हाई."

"दोरा फडक्याला चिकटला आसंल. आक्का, दी की."

"आन काळं फडकं बघितलं म्हंजी? हौसीला आर्ध्यावर घरी लावून देतील. त्येनं सांगितलंय न्हवं, हयगय करणार न्हाई म्हून."

"भाजंल तुला."

"भाजू दे," ती म्हणाली, आणि हात कमरेवर तसाच दाबून धरला.

मी कितीही वर्षं जगले तरी ती सकाळ मला सुटणार नाही. दोन्हीकडून आईच मरत होती. सांगितलं तर तिला काढून टाकतील. नाही सांगितलं तर गालातली तेवढी गाठ वाढत राहील. आणि माझ्या शेजारी बसलेली बाई त्या सुईला कमरेशी घेऊन गप्प भाजून घेत होती. दारातून आतली खाट दिसत होती. आई उठून बसली होती. तिला सगळं कळलं होतं, आणि बोलता येत नव्हतं. तिनं आक्काकडं बघून तळवा छातीवर आपटला, एकदा, दोनदा. माझं, हे माझं. आक्कानं मान हलवली, मोकळा हात उचलला आणि आपल्या छातीवर आपटला. सिस्टर आईला झोपवायला धावली, आई तिचे हात झिडकारत परत परत तेच करत होती.

तेवढ्यात डॉक्टरांनी एक पेटी आणली. लाकडी, पुढं काच, आणि आत सोन्याच्या वर्खाची दोन पानं. सिस्टरनं लाखेची कांडी रेशमी कापडावर घासून पेटीच्या माथ्याला टेकवली, की ती पानं एकमेकांपासून फाकून उभी राहायची. रेडियम जवळ असलं की मिटायची. आईच्या खाटेजवळ ती चालणार नव्हती, तिथं बाकीच्या सुया होत्याच. म्हणून केर, धुणं, मोरीतला गाळ, एकेक बाहेर आणून पेटीसमोर धरत होते. पानं फाकलेलीच. आक्का ते बघत होती. आमच्या गावात काही चोरीला गेलं की संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळायला देत; ज्याच्या तोंडाला कोरड पडेल तो चोर. आक्काला ती पेटी तसलीच काहीतरी वाटली. तिनं सुकलेले ओठ चाटले.

डॉक्टर पेटी घेऊन व्हरांड्यातून आमच्याकडं यायला लागले. ओळीनं बसलेल्यांतल्या पहिल्या बाईसमोर पानं तशीच. दुसरीसमोर जरा लवली. माझ्यासमोर ती मिटली. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यापलीकडं, आणि पेटी सिस्टरकडं दिली.

"बाई, उठा."

आक्का उठली नाही. मी उठले आणि दोघांच्या मधे उभी राहिले. आमच्या घरात कुणी मास्तरांनासुद्धा उलट बोललेलं नव्हतं.

"आधी शब्द द्या," मी म्हणाले. "आईला घरी पाठवणार नाही असा. मग सांगते."

"मुली, बाजूला हो. वेळ नाही."

"वेळ नाही तर लवकर द्या."

सिस्टरनं माझा दंड धरला. डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं. ते माझ्याकडं बघत होते, मग त्यांची नजर आक्काच्या कमरेवरच्या हातावर गेली, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांना वासही आला.

"दिला," ते म्हणाले.

आक्कानं फडकं काढलं. डॉक्टरांनी ते लांब चिमट्यानं धरून उलगडलं. काळ्या डागाच्या मधोमध, फडक्याच्या उसवलेल्या दशांत गुंतलेला एक रेशमी दोरा, आणि त्याच्या टोकाला ती. एवढीशी. मी ती बघून रागावले, खरंच रागावले, की एवढ्याशा गोष्टीसाठी हे सगळं. शिशाच्या भांड्यात घालून ती आत नेली. आईला परत टेबलावर घेतलं. दार बंद झालं आणि आम्ही बाहेर बसलो. आक्का पहिल्यांदा रडली, तोंडात पदराचा बोळा घालून, आवाज न करता.

डॉक्टर बाहेर आले ते दमलेले होते. सुई जागेवर बसली होती. जेवढा वेळ गेला तेवढा वेळ ती जास्त ठेवणार होते. मग ते आक्कासमोर खाली पायरीवर बसले, जे डॉक्टर कधी करत नसत.

"मी कुणाला अर्ध्यावरून घरी पाठवलं असतं का हो बाई? धाक असावा म्हणून बोललो होतो."

"आमाला काय ठावं साहेब. आमी खरं मानतो."

"चुकलं माझं," ते म्हणाले. आक्काच्या कमरेवर तेव्हा काहीच दिसत नव्हतं. त्यांनी सांगितलं, आज दिसणार नाही, दोन-तीन आठवड्यांनी लाल होईल, फोड येईल, फोडू नका, घाबरू नका, माझ्याकडं या. आणि उठता उठता, सहज वाटावं असं, म्हणाले, "आता तुम्ही आ करा."

आक्कानं तोंड उघडलं. त्यांनी डावा गाल बोटानं ताणला. मी बाजूला उभी होते, मलाही दिसला. पांढरा चट्टा, आईला पहिल्यांदा होता तसाच, त्याच जागी. आक्काला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं. तिनं स्वतःचं बोट आत घालून चाचपलं, जसं आईचं चाचपलं होतं.

"घट्ट न्हाई," ती म्हणाली.

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले.

पुढचे महिने सोपे नव्हते. सुया निघाल्यावर आईचं तोंड आतून सोललं, पाण्याचा घोटही तिला निखाऱ्यासारखा लागायचा. तिच्या हाडांचा सापळा झाला. मग एक दिवस ती जागा पांढरी पडली, भरली, आणि गाल आत ओढला गेला तो कायमचा. दर सहा महिन्यांनी आम्ही आगगाडी धरायचो, डॉक्टर डोळे मिटून तिची मान चाचपायचे आणि आम्ही तिघी श्वास धरून बसायचो. वडील लढाईवरून परत आले तेव्हा तिचं वाकडं तोंड बघून उंबऱ्यातच थांबले. ती त्यांना म्हणाली, "बघत काय ऱ्हायलासा? खाता येतंय आता." आणि खरंच, त्या दिवशी तिनं जोंधळ्याच्या भाकरीबरोबर नखभर खर्डा खाल्ला.

आक्काच्या कमरेवर डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. आधी लाली, मग फोड, मग रुपयाएवढी जखम, जी वर्ष सरलं तरी भरता भरेना. भरली तेव्हा तिथं पांढरा, चकचकीत, भोवती काळी कड असलेला डाग राहिला. किरणांचं वगैरे तिनं कधी मानलं नाही. यमाईनं डागलं, असंच ती सांगायची. पण त्या दिवसापासून तिनं मिसरीला हात लावला नाही. तलफ आली की कमरेवर हात दाबून धरायची, जसा व्हरांड्यात धरला होता तसा. गालातला चट्टा विरत विरत गेला. गावात कुठल्या पोरीच्या हातात डबी दिसली की तिला मागच्या दारी नेऊन लुगडं सरकवून तो डाग दाखवायची. किती पोरींनी ऐकलं कोण जाणे. काहींनी नक्की ऐकलं. भाचा म्हणतो, हल्लीच्या तंबाखूविरोधी फलकांपेक्षा ते बरं होतं.

आक्का पिकल्या वयात गेली, म्हातारपणानं, झोपेत. बायका तिला न्हाऊ घालायला बसल्या तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. तिलाही तेव्हा नीट उठता येत नव्हतं. कुणा नव्या सुनेनं कमरेवरचा डाग पाहिला आणि हात आखडता घेऊन विचारलं, "ह्यो कसला वो?" मी सांगणार होते. पण आईनं माझ्याकडं बघितलं, वाकडे ओठ हलवले, आणि मग बोलायच्या ऐवजी तळवा आपल्या छातीवर दोनदा आपटला. मग ती सरकत सरकत पुढं आली, सुनेच्या हातातला तांब्या घेतला, आणि त्या जागेवरून पाणी तिनं स्वतः ओतलं.